हेळसांड की अखेरचे दिवस?

प्रश्न : आम्ही ज्येष्ठांच्या संरक्षणाचं काम करतो. वाडीतून तक्रार येते, 'सून म्हातारीला उपाशी ठेवते.' जाऊन पाहावं तर आजींचा कर्करोग पसरलेला, पेजेचा घोटही नको म्हणतात. खरं काय, हे ओळखायला कार्यकर्त्यांना काय शिकवावं?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : अखेरच्या दिवसांत भूक आपोआप मरते. बळेबळे भरवलेली पेज श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्यामुळे ताटावरून काही ठरवू नका, आधी तोंड बघा. दर दोन-तीन तासांनी ओल्या फडक्याने पुसलेली जीभ ओलसर राहते. वाळलेला थर आणि चिरलेले ओठ दिसले, तर काळजी कमी पडत असू शकते.

मग माकडहाड आणि टाचा. लाल डागावर बोट दाबून सोडा. पांढरा न पडता तसाच लाल राहिला, तर ती पडून राहिल्याने होणाऱ्या व्रणाची (जखमेची) सुरुवात. सावळ्या त्वचेवर रंग कळत नाही, तिथे हाताला गरम किंवा घट्ट लागतं का ते पाहा. मात्र उत्तम सेवा होऊनही या अवस्थेत व्रण होऊ शकतो. नुसता व्रण पाहून सुनेला दोष देणं अन्यायाचं आहे. पट्टी कधीची, घाण वास येतो का, हे बघा.

औषधं मोजा. मॉर्फिन ही तीव्र वेदनेवरची गोळी दर चार तासांनी एक असेल, तर साठ गोळ्या दहा दिवसांत संपायला हव्यात. वीस उरल्या तर कारण विचारा. बहुतेकदा 'सवय लागेल' ही भीती असते, नाहीतर शौचाला होत नाही म्हणून गोळी बंद केलेली असते. मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. ही गोळी प्रत्येक दुकानात मिळत नाही, तेव्हा मृगाआधीच डॉक्टरांशी बोलून पुढची सोय करा. पावसात वीज गेली की हवेची गादी खाली बसते. दर दोन तासांनी हातानेच कूस बदलायची, हे घरच्यांकडून करवून घ्या.

कलमांच्या बागेसाठी अंगठा घेतल्याची शंका आली, तर ते प्रकरण वेगळं. सांभाळायच्या अटीवर बक्षीसपत्र केलं आणि सांभाळ झाला नाही, तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ खाली ते रद्द होऊ शकतं; अर्ज प्रांतांकडे. ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक १४५६७.

आजींशी एकट्याने बोलायला हवंच. याचा सराव जोडीने घ्या : एकीने घरच्यांना पडवीत बोलण्यात गुंतवायचं, दुसरीने माजघरात आजींच्या उशाशी बसून विचारायचं, 'दुखतं कुठे? अंगठा कशावर घेतला?'