कडक बिअर पहिल्यांदा चाखताना

फ्रीजमधून काढली आणि ओतली, असं करू नकोस. आइसबॉक ही कडक बिअर गोठवून, पाण्याचा बर्फ काढून दाट करतात. अल्कोहोलबरोबर माल्टची गोडीही वाढते. ४ अंशांवर नुसती काकवी लागेल. ठाण्याच्या उकाड्यात बाटली वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेव. १२ अंशांच्या आसपास मनुका, खजूर, करपवलेल्या साखरेचा वास उघडतो, फार सुंदर असतो तो! २० च्या वर गेली की स्पिरिटचा भपका. म्हणून निमुळत्या ग्लासात तीसेक मिलीच घे, मात्र तेवढी पटकन तापते, लक्ष ठेव. नाक आत खुपसू नकोस, कडेवरून हुंग. २००९ ची ‘टॅक्टिकल न्यूक्लिअर पेंग्विन’ ही अशीच गोठवून दाट केलेली बिअर ३२ टक्के अल्कोहोलची होती. अशा बिअरला फेस जवळजवळ नसतो, ती शिळी समजू नकोस. घोट जिभेवर फिरव, मग गिळ. घशात ऊब हवी, जळजळ नको. येताना गाडी आणू नकोस, रिक्षाने ये.