काही केलंच नाही तर पोलिसांची भीती कसली?

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याच्या ऑफिसातला काळा मित्र म्हणे पोलिसांची गाडी मागे दिसली तरी घाबरतो. मला हे पटत नाही. काही केलंच नाही तर भीती कसली? त्यांच्या वस्त्यांत गुन्हे जास्त असं ऐकतो, मग पोलीस तपासणारच ना? आम्ही दोघं दिवाळीनंतर तिकडे जाणार आहोत, म्हणून विचारतोय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, त्या मित्राने काही केलेलं नसणार, तरी त्याला थांबवतात, म्हणून तर तो घाबरतो. न्यूयॉर्कमध्ये 2011 या एका वर्षात पोलिसांनी रस्त्यावर लोकांना जवळपास 6 लाख 85 हजार वेळा अडवलं, त्यात बहुतेक काळी आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाची, पोरं, आणि दहापैकी जवळजवळ नऊ वेळा ना अटक ना समन्स, तसंच सोडून दिलं. 2013 मध्ये कोर्टाने हे ज्या प्रकारे चाललं होतं ते घटनाबाह्य ठरवलं, मग अडवणं खूपच कमी झालं आणि तरी शहरातले गुन्हे काही वाढले नाहीत. गुन्हे जास्त म्हणून तपासणी जास्त, या म्हणण्याचं इथेच उत्तर मिळतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी तर ट्रॅफिक पोलिसांनी गाड्या थांबवल्याच्या सुमारे 10 कोटी नोंदी तपासल्या, त्यात दिसलं की अंधार पडला, म्हणजे ड्रायव्हरचा रंग नीट दिसेनासा झाला, की थांबवलेल्यांत काळ्यांचं प्रमाण कमी होतं. यावर अजून काय बोलायचं?

आणि विश्वासाचं म्हणाल तर पोलिसांच्या हातून मेलेला काळा माणूस जॉर्ज फ्लॉइड आठवा, मे 2020, मिनियापोलिस शहर. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात एवढंच होतं की संशयिताला वैद्यकीय त्रास होताना दिसला, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, पुढे तो वारला. त्याच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ पोलिसाचा गुडघा होता याचा त्यात उल्लेखच नाही! 17 वर्षांच्या एका मुलीने मोबाइलवर व्हिडिओ काढला म्हणून जगाला कळलं, नाहीतर ते निवेदनच खरं धरलं गेलं असतं असं मला वाटतं. त्या वर्षीच्या गॅलप या संस्थेच्या सर्व्हेत गोऱ्यांपैकी 56 टक्क्यांचा पोलिसांवर भरवसा होता, काळ्यांपैकी फक्त 19. पण त्याच वर्षी 81 टक्के काळ्या लोकांनी असंही सांगितलं की आमच्या भागात पोलीस आहेत तेवढे तरी राहू देत किंवा वाढवा. त्यांना पोलीस हवेच आहेत हो, फक्त माणसासारखं वागवणारे हवेत.

तुमच्यासाठी एक सांगते. 2015 मध्ये अलाबामात नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले 57 वर्षांचे आजोबा मुलाच्या घराजवळ फिरत होते, कोणीतरी फोन केला की एक काळा माणूस फिरतोय, पोलीस आले, आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, आणि एका पोलिसाने त्यांना असं आपटलं की मानेला मार लागून अंशतः पक्षाघात झाला. खटल्यात ज्युरीचं, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाचं, दोनदा एकमत झालं नाही, शेवटी जजने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

म्हणून फिरायला जाताना खिशात मुलाचं नाव, पत्ता, फोन इंग्रजीत लिहिलेला कागद ठेवा. पोलिसांनी थांबवलं तर थांबा, हात दिसतील असे ठेवा, विचारल्याशिवाय खिशात हात घालू नका आणि तसंच पुढे चालत राहू नका. काकूंनाही हे समजावून सांगा.