जावेची दहावी राहिलीय, काय करू?

प्रश्न : ताई, आम्ही बीड जिल्ह्यातले. माझी धाकटी जाऊ १७ वर्षांचीय. घरचे ऊसतोडीला निघायच्या आधी तिचं लग्न उरकलं, तेव्हा ती दहावीत होती, आता बाळ ४ महिन्यांचं आहे. रात्री लेकरू झोपलं की पुस्तकं काढून बसते. शाळेत गेलो तर सर म्हणाले, बाकीच्या मुलींवर परिणाम होईल. सासूबाई म्हणतात आता लेकरू सांभाळ. काय करू?

उत्तर : अगं, आधी तुझं कौतुक करते, जावेसाठी शाळेत जाऊन कोण विचारतं! सरांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. १८ च्या आत तिचं लग्न लावणं हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण तो मोठ्यांनी केलाय, तिने नाही, मग दहावी तिचीच का बुडावी?

शाळेत न बसता दहावी देता येते. एक म्हणजे बोर्डाचा १७ नंबर फॉर्म, बाहेरून बसायचा. शाळेचा दाखला आणि आधार काढून ठेव, तारखा आधीच विचार, चुकल्या की वर्ष जातं. दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, आणि मला तिच्यासाठी तोच बरा वाटतो कारण तिथे मराठी माध्यम आहे, ५ वर्षांत ९ वेळा परीक्षा देता येते आणि पास झालेला विषय जमा राहतो. यंदा मराठी आणि गृहविज्ञान, पुढच्या वेळी गणित, असं बाळाच्या कलाने करता येतं.

आता घरचं. तिला रोज दोन तास सलग मिळाले पाहिजेत, रात्री डोळे मिटत असताना केलेला अभ्यास डोक्यात राहत नाही. दुपारी बाळ तुझ्याकडे, नाहीतर दिराकडे, बाप आहे तो. पेपर दोन ते तीन तासांचा असतो, तोवर बाळ सहा महिन्यांच्या पुढे गेलेलं असेल तर मऊ वरणभात चालतो, नाहीतर दूध हाताने काढून स्वच्छ झाकणाच्या वाटीत गार जागी चारेक तास राहतं. सेंटरबाहेर बाळाला घेऊन तूच बस. स्तनदा मातांचा आहार अंगणवाडीतून मिळतो, तो मागून घ्या, ती अजून वाढत्या वयातलीच आहे.

अजून एक, आणि हे तिच्याशी एकटीशीच बोल. लगेच दुसऱ्यांदा दिवस गेले तर अभ्यास परत मागे पडेल आणि तिच्या तब्येतीलाही ते झेपायचं नाही. आशाताईंना विचारा, सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी घ्यायचं अंतराचं इंजेक्शन फुकट मिळतं, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतं. तिला विचारून, तिचं मत असेल तरच हं.

सासूबाईंशी भांडू नकोस, दहावी झाली की पुढे बारावी करून पोरगी अंगणवाडीत, नर्सिंगच्या लाईनला काहीतरी बघू शकेल आणि घरातलं एक माणूस तरी कोयत्यावर जायचं वाचेल, हे त्यांच्या भाषेत सांग. मारहाण किंवा जबरदस्ती होत असेल तर मात्र समजावत बसू नका, १०९८ ला फोन लावा. दाखला मिळाला की मला परत लिही.