आवाज बदलतो, चॅनेल बदलत नाही : रिमोट गेला का?

तुम्ही लिहिलंय की नवे सेल घातले, बटण दाबलं की रिमोटवरचा लाल दिवा लागतो, टीव्हीचा आवाजही त्याच रिमोटने कमीजास्त होतो, पण डिशचा सेट-टॉप बॉक्स चॅनेल बदलत नाही. मग नवा रिमोट घ्यावा का?

इतक्यात नको. आवाज बदलतोय, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. म्हणजे सेल ठीक आहेत आणि रिमोटच्या टोकाचा इन्फ्रारेड एलईडी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने संदेश पाठवणारा छोटा दिवा, जिवंत आहे. नुसत्या लाल दिव्यावरून हे कळलं नसतं. तो फक्त बटण दाबलं गेल्याचं दाखवतो.

आधी बॉक्सकडे बघा. त्याच्यावर बटणं असतील तर त्यांनी चॅनेल बदलून पाहा. तेही होत नसेल तर बॉक्स हँग झालाय. प्लग काढा, मिनिटभर थांबा आणि परत लावा.

बॉक्स ठीक असेल तर मोबाइलचा कॅमेरा उघडा, शक्यतो सेल्फीचा, कारण मागच्या कॅमेऱ्यात बहुतेकदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. खोलीत थोडा अंधार करा, रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरा आणि आवाजाचं बटण दाबून ठेवा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश स्क्रीनवर पांढरा किंवा जांभळट लुकलुकताना दिसेल. आता चॅनेलचं बटण दाबा.

दोन्ही वेळा लुकलुकलं, तर रिमोट बोलतोय पण बॉक्सपर्यंत पोचत नाहीये किंवा भलत्याशीच बोलतोय. अशा रिमोटवर टीव्ही आणि एसटीबी (म्हणजे सेट-टॉप बॉक्स) अशी वेगळी बटणं असतील तर एसटीबीचं दाबून बघा. चुकून टीव्ही मोडमध्ये गेलेला रिमोट मी स्वतः दोन दिवस बिघडलेला समजत होतो. नंतर बॉक्सच्या पुढची काळी काच पुसा. तिच्यामागचा सेन्सर सहसा सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकणारा प्रकाशच ओळखतो, त्यामुळे साध्या दिव्याने तो सहज फसत नाही. पण थेट ऊन पडलं की तो दिपतो. पडदा ओढून पुन्हा बघा. बॉक्स टीव्हीच्या मागे सरकवला असेल तर तो पुढे घ्या.

फक्त आवाजाच्या वेळीच लुकलुकलं, तर दोन शक्यता उरतात, आणि पहिली सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. काही नवे रिमोट टीव्हीशी इन्फ्रारेडने आणि बॉक्सशी ब्लूटूथ किंवा रेडिओने बोलतात. तुमचा तसा असेल तर चॅनेलच्या बटणाला काही न दिसणं बरोबरच आहे. तुटली आहे ती जोडणी. पेअरिंगसाठी कुठली बटणं एकत्र दाबायची ते बॉक्सच्या पुस्तिकेत असतं. ते केलंत की बहुधा लगेच चालू होईल.

दुसरी शक्यता बटणांखालच्या रबराची. त्या रबराला खालून काळा, वीज वाहून नेणारा थर असतो. तो सर्किटवर टेकला की बटण लागतं. रोज दाबल्या जाणाऱ्या बटणांखाली तेलकट चिकटा साचतो. सेल काढून रिमोट उघडा, सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा, रबराचे काळे ठिपके मात्र अगदी हलक्या हाताने. घासलेत तर तो थरच निघेल. सेलच्या कप्प्यात पांढरी पूड दिसली तर ती अल्कलाइन सेलमधून गळलेल्या क्षाराची असते. हातमोजे घाला आणि व्हिनेगरच्या थेंबाने ती काढून स्प्रिंग पूर्ण कोरडी करा.

एवढं करूनही चॅनेलचं बटण मेलेलंच राहिलं तर रिमोट बदला. घेताना बॉक्सच्या तळाच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक दाखवा, कारण दिसायला हुबेहूब असलेल्या रिमोटचे कोडही वेगळे असू शकतात.