आरएसआय चार्टशी जुळत नाही, बॉट 3:15 ला थांबत नाही: आधी घड्याळ लावा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजार) 15 मिनिटांची कँडल (तेवढ्या वेळातला भाव दाखवणारी चार्टवरची एक पट्टी), 14 चा आरएसआय (14 कँडलच्या हिशेबाने भावाच्या चढउताराचा जोर सांगणारा 0 ते 100 मधला आकडा), तो 30 च्या खालून वर आला की खरेदी, दुपारी 3:15 ला सगळं विकून बाहेर, आणि हे सौदे आपोआप करणारा बॉट पायथनमध्ये. तक्रारी तीन: आकडा चार्टपेक्षा पाच-सहाने वेगळा येतो, एकाच कँडलमध्ये चार-चार खरेद्या होतात, आणि भाड्याच्या सर्व्हरवर टाकल्यापासून बॉट पावणेतीनपर्यंत गप्प बसतो, 3:15 ला बाहेरही पडत नाही. तुम्ही आता इंडिकेटरच, म्हणजे आरएसआयच, बदलायचं म्हणताय. बदलू नका, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. कँडल कुठे सुरू होते, कधी पुरी होते आणि आत्ता किती वाजलेत, हे बॉटला धड माहीत नाही.

पावणेतीनची वेळ तुम्ही लिहिलीत ते फार बरं केलंत, त्यावरूनच उलगडा झाला. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. सर्व्हरच्या घड्याळात 9:15 वाजतात तेव्हा आपल्याकडे 2:45 झालेले असतात, म्हणून बॉट तेव्हा जागा होतो. त्याचे 3:15 वाजतात आपल्या रात्री पावणेनऊला. 'डेटटाइम डॉट नाऊ' (पायथनमध्ये आत्ताची वेळ विचारायची आज्ञा) नुसतं वापरू नका. प्रत्येक ठिकाणी 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन स्पष्ट द्या. सर्व्हरचं घड्याळ आयएसटीला (भारतीय वेळ) लावूनही काम भागतं, पण उद्या सर्व्हर बदललात की तीच चूक परत. ती काळजी कोडमध्येच घेतलेली बरी.

आता चार-चार खरेद्यांचं. यात मी स्वतः पोळलोय. माझा पहिला बॉट दर सेकंदाला चालू कँडलवर आरएसआय काढायचा. एका सकाळी 10:30 च्या कँडलमध्ये भाव एका पातळीभोवती घुटमळत होता आणि आरएसआय 29.8, 30.1, 29.9, 30.2 असा नाचत होता. प्रत्येक वेळी 'खालून वर आला' ही अट खरी ठरली आणि बॉटने सात खरेद्या केल्या. 10:45 ला कँडल बंद झाली तेव्हा आरएसआय 27 वर होता. म्हणजे चार्टवर पाहणाऱ्याला त्या कँडलमध्ये खरेदीचा इशारा कधी दिसलाच नाही. तेव्हापासून माझा नियम एकच: इंडिकेटरला फक्त पुऱ्या झालेल्या कँडल द्यायच्या. बहुतेक ठिकाणी कँडलवर सुरुवातीची वेळ छापलेली असते. 9:15 ची कँडल 9:30 ला पुरी होते, तेव्हा 9:30 नंतर दोन-तीन सेकंद थांबून डेटा मागवा आणि शेवटची ओळ 9:30 ची असेल तर ती टाकून द्या. ज्या कँडलवर सौदा केला तिची वेळ जपून ठेवा. त्याच वेळेवर दुसरी ऑर्डर जाताच कामा नये.

आकडा न जुळण्याची कारणं दोन-तीन असू शकतात. पहिलं सूत्राचं. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये आरएसआय मांडला तो त्यांच्या स्वतःच्या सरासरीवर: नव्या कँडलला 1/14 वजन. पांडाजमध्ये (पायथनची डेटा हाताळणारी लायब्ररी) 'ईडब्ल्यूएम'ला (नव्या आकड्यांना जास्त वजन देणारी सरासरी) स्पॅन 14 दिला की वजन 2/15 होतं, जवळजवळ दुप्पट. आकडा उगाच चपळ होतो. तिथे अल्फा 1/14 द्या (स्पॅन 27 दिला तरी तेच) आणि 'अ‍ॅडजस्ट' बंद ठेवा.

दुसरं, मागचा डेटा. वाइल्डरची सरासरी सहजासहजी काही विसरत नाही. सुरुवातीच्या अंदाजाचं वजन 14 कँडलनंतरही साधारण 35 टक्के उरतं, 50 नंतर अडीच टक्के. तुम्ही फक्त आजचा डेटा घेत असाल तर 25 कँडलच्या दिवसात चार्टशी जुळवणी होणं कठीणच. निदान मागच्या 10 दिवसांच्या कँडल मागवा.

तिसरं कारण फार कमी जणांच्या लक्षात येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एक मिनिटाच्या डेटावरून 'रिसॅम्पल' करून 15 मिनिटांच्या कँडल बनवल्या की पांडाज रात्रीच्याही कँडल तयार करतो: 3:30 पासून दुसऱ्या दिवशी 9:15 पर्यंत 71 रिकाम्या ओळी. त्या मागच्या भावाने भरून टाकल्यात तर 71 वेळा बदल शून्य. आरएसआय तिथल्या तिथे राहतो, त्यामुळे काही चुकलंय असं वाटत नाही. पण आरएसआयच्या आतल्या दोन्ही सरासऱ्या, चढीची आणि उताराची, झिजून अर्ध्या टक्क्यावर आलेल्या असतात. मग सकाळची पहिली कँडल जराशी वर गेली तरी आरएसआय 90 च्या पुढे, खाली गेली की 10 च्या आत. रिकाम्या ओळी भरायच्या नाहीत, काढून टाकायच्या.

पुढे तासाच्या कँडलवर गेलात तर आणखी एक गोष्ट सांभाळा. 9:15 ते 3:30 म्हणजे 375 मिनिटं. 15 ने बरोबर 25 कँडल होतात, पण 60 ने सव्वासहा. 9:15 पासून मोजलं तर शेवटची कँडल 15 मिनिटांची, आणि पांडाजच्या सवयीने 9:00 पासून मोजलं तर पहिलीच कँडल 45 मिनिटांची. चार्ट एका पद्धतीने आणि बॉट दुसऱ्या पद्धतीने मोजत असेल तर सूत्र कितीही अचूक असो, आकडे जुळणार नाहीत.

बाहेर पडताना मात्र नुसतं 3:15 ला 'विका' म्हणू नका. माझी एक्झिट 3:20 ला होती, आणि ब्रोकरकडचा आपोआप स्क्वेअर ऑफही (दिवसाचे उरलेले सौदे ब्रोकरने स्वतः बंद करणं) नेमका त्याच सुमारास. दोन्ही ऑर्डरी गेल्या. हातात काही नसताना माझ्या नावावर उलटी विक्री उभी राहिली आणि बाजार बंद व्हायला दहा मिनिटं असताना ती धावपळ करून भरून काढावी लागली. म्हणून आधी उरलेल्या स्टॉपलॉस ऑर्डरी (तोटा ठरावीक मर्यादेत थांबवणाऱ्या) रद्द करा, मग ब्रोकरला प्रत्यक्ष पोझिशन, म्हणजे हातात किती शेअर आहेत ते, विचारा, तेवढ्याच संख्येची ऑर्डर घाला, आणि पोझिशन शून्य दिसेपर्यंत पुन्हा विचारत राहा. ब्रोकरच्या वेळेच्या निदान पाच मिनिटं आधी हे उरकलेलं असावं.

बाजाराच्या वेळा कोडमध्ये कोरून ठेवू नका. तारीख, सुरुवात, शेवट अशी वेगळी फाइल ठेवा. 24 फेब्रुवारी 2021 ला तांत्रिक बिघाडामुळे एनएसईचे व्यवहार 11:40 ला थांबले आणि 3:45 ते 5 पुन्हा चालले. 2 मार्च 2024 ला शनिवार असून दोन तुकड्यांत विशेष सत्र झालं. मुहूर्ताचे सौदे 2024 मध्ये संध्याकाळी 6 ते 7, आणि 2025 मध्ये दुपारी 1:45 ते 2:45. अशा दिवशी मी तरी बॉट बंदच ठेवतो. एमसीएक्सवर (वस्तूंचा वायदे बाजार) कधी गेलात तर सोन्या-चांदीचा बाजार अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे उन्हाळ्यात रात्री 11:30 ला, हिवाळ्यात 11:55 ला बंद होतो, तेही याच फाइलमध्ये टाका.

एवढं केलंत की खरे पैसे न लावता तीन दिवस चालवा. प्रत्येक पुऱ्या कँडलला वेळ, बंद भाव आणि आरएसआय लॉगमध्ये छापा आणि संध्याकाळी चार्टसमोर ठेवून ओळीने ताडून पाहा. फरक दशांशाच्या वर दिसला तर त्या कँडलची वेळ आणि दोन्ही आकडे इथे टाका, आपण बसून शोधू.