वेचणीच्या दिवसांत पोर पुन्हा अंथरूण ओलं करतं तेव्हा

कापूस वेचणी सुरू झाली की अमळनेर-चोपड्याकडच्या आयांकडून एक काळजी हमखास ऐकू येते: कधीपासून कोरडं झोपणारं पोर पुन्हा अंथरूण ओलं करू लागलंय. मुद्दाम करतं का? मनाने काही घेतलं का? त्यातलाच हा एक अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा सहा वर्षांचा, पहिलीतला. दोन वर्षं कोरडा होता. वेचणी सुरू झाल्यापासून आठवड्यातून चार-पाच रात्री गोधडी ओली. आई भाकरी थापून सकाळी सातलाच शेतात जाई. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे घरी यायला सहा वाजत. आजी गोधडी ओट्यावर वाळत घाली आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणे, "इतला मोठा व्हयना, तरी गोधडी वल्ली करस." आईचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, वेचणी सोडून घरी बसू का?"

नाही, त्याची गरज नव्हती. पाच वर्षांच्या आतलं मूल अंथरूण ओलं करत असेल तर तो वाढीचाच भाग. पण सहा महिन्यांहून जास्त कोरडं राहिलेलं मूल पुन्हा सुरू झालं, तर कारण शोधावं लागतं. आधी लघवीची तपासणी, संसर्ग आणि साखर दोन्हींसाठी. सोबत खूप तहान, घटतं वजन, जळजळ, ताप किंवा दिवसाही कपडे ओले होणं असेल, तर डॉक्टरांकडे लगेच जायचं, बाकी सगळं नंतर.

या मुलाचा रिपोर्ट चांगला आला. मग दोन आठवडे एका वहीत पाणी, लघवी, शी आणि ओल्या रात्री लिहून ठेवायला सांगितलं. वहीने बरंच दाखवलं. ऑक्टोबरच्या उन्हातही शाळेतली बाटली भरलेलीच परत येई, कारण तिथल्या संडासाच्या वासाने तो लघवी दाबून ठेवायचा आणि पाणीच प्यायचा नाही. दिवसभराची तहान संध्याकाळी भागे: आई आली की तिला चिकटून बसायचं, दोन पेले पाणी आणि वर कपभर चहा. शी तीन दिवसांतून एकदा, लेंड्यांसारखी कडक. ही बद्धकोष्ठता घरात कुणाच्याच लक्षात आली नव्हती, आणि ती बहुतेक घरांत अशीच सुटते. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, मग त्यात लघवी कमी मावते.

पाण्याचं गणित उलटं केलं. सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण सव्वा लिटर लागतं. त्यातलं अर्धा लिटर दुपारपर्यंत, अर्धा लिटर पाचपर्यंत, उरलेलं पाव लिटर त्यानंतर. रात्री पाणी तोडायचं नाही, तहानलेलं मूल चोरून पितं. शाळेतल्या बाईंनी दर दोन तासांनी त्याला सोबत्याबरोबर लघवीला पाठवायचं कबूल केलं. चहा बंद केला, पण आईजवळचं बसणं अजिबात मोडलं नाही, तिथे पिकलेलं केळं आलं. जेवणात पालेभाजी, पेरू, कळण्याची भाकरी. सकाळच्या खाण्यानंतर पाच-दहा मिनिटं शीला बसायचं, कारण पोटात अन्न गेलं की आतडं हलतं. झोपण्याआधी एकदा लघवी, गोष्ट ऐकून पुन्हा एकदा.

गोधडीखाली रेक्झीन, वर धुवायला सोपं जुनं लुगडं. चादर बादलीत तो स्वतः टाके, तेही शिक्षा म्हणून नव्हे. शाबासकी पाणी पिण्याला आणि लघवीला जाण्याला, कोरड्या रात्रीला नाही. झोपेत जे घडतं ते त्याच्या हातात नसतं. मध्यरात्री अर्धवट झोपेत उचलून नेल्याने अंथरूण वाचतं, सवय लागत नाही. आजीला हेच समजावलं. गोधडी मागच्या अंगणात वाळू लागली आणि मुलगा गल्लीत खेळायला बाहेर पडला. बोलणी थांबणं हा माझ्या मते निम्मा इलाज.

दिवाळीत मामाच्या गावी चिवडा, शंकरपाळे, जागरण झालं आणि चार रात्री पुन्हा ओल्या गेल्या. वहीत शीचे रकाने रिकामे होते, म्हणजे कारण समोरच होतं. फराळ दुपारच्या जेवणानंतर मूठभर, वर पाणी, एवढंच बदललं. डिसेंबरात आठवड्याला एखादी रात्र उरली. दोन-तीन महिने नेटाने करूनही फरक पडला नाही तर बालरोगतज्ज्ञांकडे ओलावा लागताच वाजणारा अलार्म असतो, गोळीही असते. गोळी मात्र दुकानातून आपली आपण आणू नये, तिच्यासोबत रात्रीच्या पाण्याचं बंधन पाळावं लागतं.