वर आलेल्या पोरावर किती डॉलर लावायचे?

प्रश्न : आमच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर चालणारा खेळ) 12 टीम आहेत आणि फ्री एजंटसाठी (कुणाच्याच टीममध्ये नसलेले खेळाडू) अख्ख्या सीझनचं बजेट 100 डॉलर. ट्रिपल-एमधून (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) कुणी वर आला की रविवारच्या बोलीत सगळे तुटून पडतात. मी एप्रिलमध्येच 40 घालवले आणि तो दोन आठवड्यांत परत खाली गेला. बोली ठरवायची कशी?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाव किती गाजतंय ते राहू द्या, आधी त्याला कुणाची जागा मिळाली ते बघा. नेहमीचा बॅटर 10 दिवसांच्या इंज्युरी लिस्टवर (जखमींच्या यादीत) गेला म्हणून हा आला असेल, तर तो बरा होताच ह्याची रवानगी होते. 2-3 डॉलरच्या वर जाऊ नका. टीमने जुन्या खेळाडूला सोडूनच दिलं असेल, तर जागा पक्की. मग चार-पाच मॅचच्या लाइनअप (कोण कोण खेळलं त्या याद्या) बघा. डावखुरा बॅटर डावखुऱ्या पिचरसमोर बाकावर बसत असेल, तर 5 डॉलर पुरेत.

आकड्यांत पहिलं बघायचं ते स्ट्राइकआउट, म्हणजे बॅटिंगला आल्यावर तो किती टक्के वेळा तीन स्ट्राइकवर बाद होतो. ट्रिपल-एमध्येच 28 टक्क्यांच्या वर असतील, तर मेजर लीगचे पिचर झोनबाहेर वळणाऱ्या चेंडूवर (स्लायडर) त्याला रडवणार, आणि तुमचं बॅटिंग अ‍ॅव्हरेज बुडणार. होम रनवरही लगेच भाळू नका. आल्बुकर्कीच्या ट्रिपल-ए टीमचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 5000 फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत साधा फ्लाय बॉलही कुंपणापार जातो. बाहेरगावच्या मॅचचे आकडे वेगळे काढा. पायातला वेग मात्र वर आल्यावर कमी होत नाही. जागा पक्की आणि स्टोलन बेस (पळून चोरलेले बेस) मिळणार असतील, तर 25-30 डॉलर खुशाल लावा.

तुमच्यासारखे 2024 मध्येही पुष्कळ जण फसले. जॅक्सन हॉलिडे ह्या गाजलेल्या तरुण बॅटरला बॉल्टिमोरने 10 एप्रिलला बोलावलं. 34 अ‍ॅट-बॅटमध्ये 2 हिट, 18 स्ट्राइकआउट, आणि महिना संपायच्या आत परत खाली. खाली पाठवलेला बॅटर किमान 10 दिवस आणि पिचर 15 दिवस वर आणता येत नाही. टीममध्ये कुणी जखमी झाला तरच सूट. बाक लहान असेल तर अशाला सोडा. कीपर लीग (खेळाडू पुढच्या वर्षीही राखता येतात अशी) असेल तर अजिबात सोडू नका : माइक ट्राउटचं 2011 मधलं अ‍ॅव्हरेज अवघं .220 होतं, पुढच्याच वर्षी तो रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला.

प्रश्न : बोलावण्याआधीच घेऊन ठेवावा का?

उत्तर : याहूच्या लीगमध्ये एनए स्लॉट (अजून वर न आलेल्या खेळाडूसाठी वेगळी जागा) असेल तर जरूर, बाकाची जागा अडत नाही. पण तो वर आला की त्याला तिथून हलवेपर्यंत नवा खेळाडू घेता येत नाही, तेव्हा कुणाला काढायचं ते आधीच ठरवा. सर्व्हिस टाइमचं (मेजर लीगमध्ये काढलेल्या दिवसांच्या हिशोबाचं) वर्ष 172 दिवसांचं असतं. सुरुवातीचे दोन-अडीच आठवडे खाली ठेवलं की टीमला त्याच्यावर एक वर्ष जास्त हक्क मिळतो, म्हणून एप्रिलच्या मध्यावर डोळा ठेवा. शॉर्टस्टॉपला (आतल्या मैदानातला खेळाडू) अचानक आउटफिल्डमध्ये खेळवू लागले, म्हणजे वर त्याच्यासाठी जागा शोधणं चालू आहे. आणि ट्रिपल-एच्या मॅचमधून काही दुखत नसताना मध्येच बाहेर काढला, डगआउटमध्ये सगळे मिठ्या मारताहेत, म्हणजे बोलावणं आलंय, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री घेऊन टाका.